बदल करायची परवानगी

कूलरच्या टाकीत तिसरी बादली ओतत होते तेव्हा फोन टिंग करून गप्प झाला. ओल्या बोटांनी पाहिलं. पडद्यावर एकच ओळ होती. 'धीरज यांना तुमच्या विहिरी या फोल्डरमध्ये बदल करायची परवानगी हवी आहे.' खाली दोन चौकोन होते, 'द्या' आणि 'नाकारा'. सकाळचे साडेसात वाजले होते, मे महिना, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतली दुसऱ्या मजल्यावरची माझी दोन खोल्यांची जागा, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजल्याचा तो थंड वास, आणि मी बादली हातात घेऊन चक्क हसले. अकरा वर्षांत त्या फोल्डरकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. दर मे महिन्यात आणि दर ऑक्टोबरात मी गावोगाव जाते, बेचाळीस विहिरींत टेप सोडते, पाणी किती खोल आहे ते मोजते आणि लिहून ठेवते. वर्ध्याच्या ज्या संस्थेत मी नोकरी करते तिथे या कामाला 'माधवीताईंचं दोर सोडणं' म्हणतात. चहाच्या वेळी विचारतात, 'काय ताई, सोडला का दोर?' आणि आता कोणाला तरी त्या फोल्डरमध्ये बदल करायचे होते. पाहायचं नव्हतं, बदलायचं होतं. पाहायची मुभा मी संस्थेत सगळ्यांना कधीच देऊन ठेवलेली होती. दोन्ही चौकोनांना हात न लावता मी फोन पालथा ठेवला आणि चौथी बादली भरायला गेले.

परवानगी का मागितली ते मला ठाऊक होतं, कारण सोमवारीच सगळ्यांना पत्र आलं होतं. वैयक्तिक ड्राइव्हवरच्या कामाच्या सर्व फायली शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत सामायिक ड्राइव्हवर हलवाव्यात, हलवल्यावर त्यांची मालकी संस्थेकडे राहील, त्यानंतर वैयक्तिक खात्यावर आढळलेली कामाची फाईल ही शिस्तभंग समजली जाईल. शिस्तभंग! शब्द वाचून मला शाळेतला हातावर बसलेला रूळ आठवला. आणि खरं सांगायचं तर माझ्या ड्राइव्हमध्ये सगळा पसाराच आहे. बाबांच्या शेवटच्या महिन्यातले रक्ताचे रिपोर्ट आहेत, माझ्या एम.ए.च्या गुणपत्रिका आहेत, जातपडताळणीचे कागद आहेत, या जागेचा नकाशा आहे, आणि त्यांच्या मधोमध या बेचाळीस विहिरी. अकरा वर्षांपूर्वी संस्थेकडे स्वतःचं ड्राइव्ह नव्हतं. तुमच्याच खात्यावर ठेवा ना ताई, असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते. मी ठेवलं. ठेवता ठेवता ते माझं झालं. आपल्या दारात कोणी रोप ठेवून जावं, आपण त्याला पाणी घालावं, आणि दहा वर्षांनी तो माणूस कुऱ्हाड घेऊन यावा, तसं मला वाटत होतं. त्याच्या हातात कुऱ्हाडच आहे हे कशावरून, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

तीन वर्षांपूर्वी मी एकदा शहाणपणा करून सगळे आकडे सामायिक ड्राइव्हवर टाकले होते. दोन महिन्यांनी संस्थेचा अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर घागर घेतलेली बाई. उघडून पाहते तर रोहण्याच्या विहिरीपुढे बावीस फूट. मी एकतीस लिहिले होते. ऑफिसात कोणाला विचारावं ते कळेना, म्हणून आधी फाईलच उघडली. ड्राइव्हवर कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते असं म्हणतात. पण ही फाईलच नवी होती. जुन्यातले आकडे उचलून कोणीतरी नव्यात डकवले होते, आणि नव्या फाईलला इतिहास नव्हता. त्या दिवसापासून मी माझी फाईल माझ्याकडे ठेवली आणि सामायिकात फक्त छायाचित्रं टाकत गेले. आकडा खोडता येतो. छायाचित्रातला टेप खोडायला जास्त मेहनत लागते, आणि आमच्या ऑफिसात मेहनतीची आवड कोणालाच नाही.

सामायिक या शब्दावर माझा विश्वास नाही, हे मी कोणापाशी बोलत नाही. बोललं की लोक मान तिरकी करून सहानुभूतीनं बघतात, आणि ती मला अजिबात खपत नाही. आमचं गाव सिंदी रेल्वे या गावापासून चार कोसांवर. तिथली विहीरही सगळ्यांची होती, कागदावर. आमच्या माणसांनी घागर घेऊन लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा. दीक्षा घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीनं स्वतःची विहीर खणली. प्रेमदास, म्हणजे माझे बाबा, तेव्हा सात वर्षांचे होते, डोक्यावरून टोपल्यानं माती वाहत होते. ही गोष्ट ते लग्नातसुद्धा सांगायचे, पंगतीत बसल्या बसल्या, ताटातला भात निवेपर्यंत. पुढं काही वर्षांनी गावची विहीर आटली आणि आमची आटली नाही. मग गाव घागरी घेऊन आमच्या वस्तीत आलं. तरुण पोरांनी काठ्या काढल्या. माझे आजोबा मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "पानी सगळ्याइले. पन रांग एकच." इथं बाबा थांबायचे आणि पाण्याचा घोट घ्यायचे. लहानपणी मला ती गोष्ट काठ्यांसाठी आवडायची. मोठेपणी रांगेसाठी आवडायला लागली. आपली विहीर खणली म्हणून तर रांग लावायचा अधिकार आला, असं मी त्यातून काढलं होतं. आधी आपलं असलं पाहिजे, मग वाटायचं की नाही ते आपण ठरवू. त्या सकाळी कूलर सुरू करून त्याच्यासमोर केस मोकळे सोडून बसले तेव्हाही मी हेच घोकत होते. मी देणार नाही. मी काय वाट्टेल ते झालं तरी देणार नाही.

ऑफिसात धीरज माझी वाटच पाहत होता. तो आमचा समन्वयक, नागपूरचा, वय एकतीस, माझ्याहून दहानं लहान. वाईट मुलगा नाही, हे मला राग आलेला असतानाही मान्य करावं लागतं आणि त्याचा आणखी राग येतो. त्यानं खुर्ची पुढं केली, पाण्याचा ग्लास सरकवला. "ताई, पर्सनली नका घेऊ," तो म्हणाला. "मले तुमच्यावर डाउट नाई. पन समजा उद्या तुमचा फोन हरवला, पासवर्ड विसरल्या, देव न करो काही झालं, तं अकरा वर्षांचं काम गेलं ना पान्यात? अंकित सोडून गेला तेव्हा काय झालं? त्याचे सगळे नकाशे त्याच्या खात्यात. आता तो फोन बी उचलत नाई." हे खरं होतं. अंकितचे नकाशे आम्ही पुन्हा काढत होतो, ऐन उन्हात, गाव गाव फिरून. मी म्हटलं, "आणि रोहण्याचं काय?" त्यानं लगेच डोळे खाली घातले नाहीत. घातले असते तर सोपं झालं असतं. "ते माह्या आधीचं हाय, पन मी पाह्यलं. त्या भागातल्या सगळ्या विहिरी वर आल्या अन् एकच खाली जाऊन राह्यली, असं कसं होईन ताई? मोजन्यात चूक असन म्हनून त्यांनी बाजूच्या गावांच्या सरासरीवर आनलं. खोटं नाई केलं कोनी. दुरुस्त केलं." "विहिरीवर जाऊन?" "काय?" "दुरुस्त केलं ते विहिरीवर जाऊन केलं का?" त्यानं यंदाच्या कामांची नवी यादी माझ्यापुढं ठेवली. मे महिन्यात ज्या गावाचं पाणी पंचवीस फुटांच्या आत आहे त्या गावात यंदा नाला खोलीकरण नाही, विहिरीचा गाळ काढणं नाही. रोहण्यावर रेघ मारलेली होती. यादी शुक्रवारी पाचनंतर पुढं जाणार होती, सामायिक ड्राइव्हवर जे असेल त्याच्या आधारानं. माझ्या फाईलमध्ये एकतीस होते, पण माझी फाईल ही शुक्रवारनंतर फाईलच राहणार नव्हती, तो शिस्तभंग होणार होता. "काऊन इतकं ताणून धरता ताई," धीरज म्हणाला, "देऊन टाका ना, त्यातच घालू तुमचा एकतीस." पण एकदा घातलेल्या एकतीसाचं काय होतं ते मी पाहिलेलं होतं. मी म्हटलं, उद्या रोहण्याला जाऊन येते, मोजून आणते, मग बोलू.

गुरुवारी पहाटेच स्कूटर काढली. पुलगाव सोडलं की बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे रूळ कुठं कुठं रस्त्याच्या कडेला दिसतात, अर्धे मातीत गेलेले. रस्ताभर मी धीरजशी भांडत होते, मनातल्या मनात, आणि प्रत्येक वेळी मीच जिंकत होते. डिकीत टेप होता आणि रूपरावांची पितळी वाटी. रूपराव माझ्या आधी विहिरी मोजायचे, त्यांनीच मला हे काम शिकवलं, आता मुलाकडं सिंदी रेल्वेला असतात. टेपच्या टोकाला वाटी पालथी बांधायची, हळू सोडायची, आणि पाण्याला टेकली की डुब् असा आवाज येतो. त्या आवाजावर टेप धरायचा. डोळ्यांवर भरोसा नको, कानांवर ठेव, असं ते म्हणायचे. त्यांची आणखी एक रीत होती. मोजून झालं की आधी विहिरीच्या कठड्यावर गेरूनं आकडा लिहायचा, तारीख घालायची, आणि मगच वहीत. ज्याची विहीर त्याला आधी दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. पहिली तीन वर्षं मीही गेरू घेऊन फिरले. मग फोनात लिहायची सोय झाली. गेरूची पुडी पर्समध्ये फुटायची, बोटं लाल व्हायची, पावसात आकडा धुऊन जायचा, आणि धुऊन जाणारं कशाला लिहायचं, असा मी विचार केला. तेव्हा तो विचार मला फार आधुनिक वाटला होता.

रोहण्याच्या बौद्धपुऱ्यातली विहीर समाजमंदिराच्या मागं आहे. तानाबाई तिथंच होत्या, सत्तरीच्या, काटक, दोर ओढून ओढून हाताचे तळवे चामड्यासारखे झालेले. विहिरीची सगळी देखभाल त्यांच्याकडं. "काऊन व माय, आज कशी आली?" त्या म्हणाल्या. "तुयं माप तं अजून पंधरा दिवसानं असते." मी म्हटलं, साहेबांना माझ्या मापावर विश्वास नाही, म्हणून पुन्हा मोजायला आले. माझ्या आवाजात फुशारकी होती. टेप सोडला. वाटी खाली खाली जात अंधारात दिसेनाशी झाली, आणि मग तो आवाज आला. डुब्. कठड्याच्या वरच्या कडेशी टेप चिमटीत धरला. एकतीस फूट, वर दोन बोटं. अंगातून एक लाट गेली. आनंदच म्हणायचा तो, विहीर खोल गेल्याचा आनंद, आणि त्याची मला त्या क्षणी लाज वाटली नाही. मी टेप तसाच धरून तानाबाईंना दाखवला. "पाहा, एकतीस. मी म्हणत नव्हते?" तानाबाईंनी टेपकडं पाहिलं नाही. त्या माझ्या हाताकडं पाहत होत्या. "तू इथून मोजतं?" त्या म्हणाल्या. "कठड्याच्या वरून?" "हो, नेहमीच." "पन कठडा तं आमी वाढवला नं माय. कोरोनाच्या दुसऱ्या साली. माह्या सुनेची, मयुरीची पोरगी पडता पडता वाचली, तवा दोन फूट चढवला. हे पाह्य, इथून खाली जुना दगड, अन् हे वरतं शिमीट."

मी पाहिलं. जुना काळा दगड माझ्या मांडीपर्यंत होता आणि त्याच्यावर राखाडी सिमेंट. इतकं ढळढळीत की आंधळ्याच्या हाताला लागलं असतं. चार वर्षं, आठ वेळा, मी त्या सिमेंटवर टेप टेकवून उभी राहिले होते आणि फोनात बघत होते. दोन फूट हवा मी पाण्याची खोली म्हणून लिहीत होते. गेरू असता तर पहिल्याच वर्षी गेल्या खेपेचा आकडा शोधायला खाली वाकले असते, आणि सिमेंट दिसलं असतं. आणि फाईल कोणाला बघावीशी वाटली असती, रोहण्याच्या कोणाला तिचा पत्ता असता, तरी कोणीतरी म्हटलंच असतं की बाई, कठडा वाढलाय. पण फाईल माझी होती. बाबांच्या रिपोर्टांशेजारी, कुलपात. मी कठड्याला पाठ लावून खाली बसले. ऑफिसनं बावीस लिहिले ते खोटे, आणि मी एकतीस लिहिले तेही खोटे. पाणी एकोणतीस फुटांवर होतं. एकोणतीस म्हणजे अजूनही पंचवीसच्या बाहेर, रोहणं अजूनही यादीत असायलाच हवं होतं, पण त्या क्षणी मला रोहण्याचं सुचत नव्हतं. धीरजचं वाक्य कानात वाजत होतं, मोजण्यात चूक असेल म्हणून. ते बोललं गेलं तेव्हा मी त्याचा किती तिरस्कार केला होता! तानाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलं?" "तुनं कवा विचारलं?" त्या म्हणाल्या, रागावून नाही, सहज. "रूपराव होता तं लिहून जात जाय. आमी पाहत जावो, औंदा किती, गेल्या साली किती. चुकला तं आमी त्याले बोलत जावो. तू आली, तूबी आधी लिहे, मंग फोनात लिहू लागली. फोनात आमाले काय दिसते, सांग."

उन्हानं समाजमंदिराची सावली आखूड होत चालली होती. घरी कूलरसमोर बसून जे घोकलं होतं ते मी पुन्हा आठवून पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला बाबांच्या गोष्टीतलं माझं चुकलेलं दिसलं. आजोबांनी विहिरीला कुलूप लावलं नव्हतं. त्यांनी रांग लावली होती. भर दिवसा, सगळ्यांना दिसेल अशी. आणि रांगेत कोणाचा नंबर कुठं आहे हे लपवता येत नाही. मला राग आला, आधी स्वतःचा, मग सगळ्यांचाच, आणि त्या रागानं मला बरं वाटलं. चुकले म्हणून मी वाकावं, चुकले म्हणून यांच्या हातात सगळं सोपवून घरी जावं, असं कुठं लिहिलंय? माझी चूक दोन फुटांची आहे आणि ती मी कबूल करते. त्यांची नऊ वजा दोन, सात फुटांची आहे आणि तिला ते दुरुस्ती म्हणतात. मी उठले, पदर झटकला आणि विचारलं, "गावात ऑइल पेंट मिळेल का?"

मयुरीनं आणून दिला. तानाबाईंची ही सून अंगणवाडीत आहे आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी फोनातून आकडे वाचत गेले, ती कठड्याच्या समाजमंदिराकडच्या बाजूला, उन्हापावसाला कमी लागेल अशा जागी, पांढऱ्या पेंटनं लिहीत गेली. अकरा वर्षं, मे आणि ऑक्टोबर. शेवटच्या चार वर्षांचे माझे चुकीचे आकडेही लिहायला लावले. मयुरी म्हणाली, "चूक कायले लिहिता ताई? खरं तेवढंच लिवू." मी म्हटलं, लिही, त्यावर काट मार, शेजारी बरोबर आकडा लिही आणि पुढं माझं नाव घाल. खोडलेलंही दिसलं पाहिजे. शेवटच्या रकान्यात एकोणतीस लिहून झाले तेव्हा पाण्याला आलेल्या चार बाया मागं उभ्या राहून वाचत होत्या, आणि त्यांतली एक म्हणाली की त्या साली इतकं वर नव्हतंच पाणी, मग दुसरी म्हणाली होतं, तुझं लग्न झालं त्या साली, आणि दोघींचं जुंपलं. अकरा वर्षांत माझ्या आकड्यांवर झालेलं ते पहिलं भांडण. ते संपूच नये असं मला वाटलं.

मग समाजमंदिराच्या ओट्यावर बसून फोन काढला. फाईल उघडून रोहण्याचे आठ आकडे दुरुस्त केले, प्रत्येकापुढं लिहिलं की चूक माझी होती आणि कशी झाली. उरलेल्या एक्केचाळीस विहिरींचे रकाने त्या त्या गावच्या ओळखीच्या माणसांना एकेक करून पाठवले. खाली सगळ्यांना एकच मजकूर, हे तुमच्या विहिरीचे आकडे आहेत, कठडा वाढवला असेल तर कळवा, या उन्हाळ्यात येऊन भिंतीवर लिहून देते. त्यात तासभर गेला. पहिलं उत्तर दहा मिनिटांत आलं, आमची विहीर तुम्ही चुकीच्या नावावर टाकली आहे म्हणून. छान. मग सगळा फोल्डर उचलला आणि सामायिक ड्राइव्हवर सोडला. पडद्यानं विचारलं, या फायलींची मालकी आता तुमची राहणार नाही, पुढं जायचं का? सकाळपासून पहिल्यांदा माझं बोट अडलं. अकरा वर्षं म्हणजे बाबा गेले ते वर्षही त्यात आलं, त्यांचे रिपोर्ट पोटाशी धरून मी दवाखान्याच्या जिन्यात बसून हीच फाईल भरली होती. जीव तुटला, खोटं कशाला सांगू. मग दाबलं. स्वतःसाठी एकही प्रत ठेवली नाही. फाईलच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत, लाल रंगात एक टीप मात्र ठेवली. 'रोहण्याच्या आकड्यांची मूळ प्रत रोहण्याच्या विहिरीच्या कठड्यावर आहे. त्यात बदल करायचा असल्यास तिथे येऊन करावा. ब्रश तानाबाईंकडे मिळेल.'

गुरुवार होता, अकरा वाजले होते, मुदतीला एक दिवस बाकी. पाच मिनिटांत धीरजचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "ताई, आल्या फायली, थँक यू," तो म्हणाला, आणि मग थांबला. वाचत असावा. "अन् हे वरती काय लिहिलं? असं कसं चालन ताई? यादी बनवनारे काय आता रोहन्याले येतीन काय?" मी तानाबाईंकडं पाहिलं. त्या ब्रश रॉकेलच्या डब्यात बुचकळून पदराच्या टोकानं पुसत होत्या. त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाल्या, "या म्हना त्याइले. पन दोर घेऊन या म्हना. मोजल्याबिगर बरश नाई भेटनार."

मी तसंच सांगितलं.